संचालकांच्या मोबदल्यावर संशोधन कसे करावे: कोकणातून अभ्यास करणाऱ्यांसाठी

अंजनवेलचा वीज प्रकल्प गुहागर तालुक्यात आजही ‘एन्रॉन’ याच नावाने ओळखला जातो. दाभोळ पॉवर कंपनीचा ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला, वीज मंडळाशी दर आणि देयकांवरून वाद होऊन २००१ मध्ये तो बंद पडला, त्याच वर्षी २ डिसेंबरला मूळ अमेरिकी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन प्रकल्प तिच्याकडे गेला. या इतिहासातील पगाराचा भाग मात्र आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. एन्रॉनमध्ये परदेशी प्रकल्प जुळवून आणणाऱ्या अधिकाऱ्यांचा बोनस बऱ्याच अंशी करार पक्का होतेवेळी मांडलेल्या अंदाजित मूल्यावर ठरत असे. पुढे त्या प्रकल्पातून रोकड किती हाती येते, याच्याशी त्याचा संबंध क्षीण होता.

बोनसची पद्धत वेगळी असती तर दाभोळचा करारही वेगळा झाला असता का? या प्रश्नाचे उत्तर कितीही कागदपत्रे चाळली तरी या एका प्रकल्पातून मिळणार नाही, कारण वेगळ्या बोनसचे दाभोळ अस्तित्वात नाही. त्याच दशकात केंद्र सरकारने आठ वीज प्रकल्पांना जलदगती मान्यता दिली होती, त्यांतील कित्येक वेगवेगळ्या कारणांनी अडले आणि त्या कंपन्यांच्या बोनस-पद्धती एन्रॉनसारख्या होत्या असे म्हणता येत नाही. तुलनेसाठी योग्य जोड शोधणे हेच या विषयातील अनुभवाधिष्ठित संशोधनाचे मुख्य काम आहे. रत्नागिरी, चिपळूण, अलिबाग किंवा सावंतवाडीत राहून एम.कॉम.चा प्रबंध वा पीएच.डी. करणाऱ्याला महागडा डेटाबेस हाताशी नसतानाही ते नीट करता येते. मात्र त्यासाठी सुरुवात सॉफ्टवेअरपासून न करता कायद्यापासून आणि वार्षिक अहवालातील तळटिपांपासून करावी लागते.

प्रश्न निवडताना

बहुतेक प्रबंधांचा विषय ‘मोबदला आणि कंपनीची कामगिरी यांतील संबंध’ असा असतो, पन्नास कंपन्या घेतल्या जातात, सहसंबंध काढला जातो आणि तो धन आला की काम संपते. या प्रश्नाचे मूळ अमेरिकी आहे. बर्ल आणि मीन्स यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले की मोठ्या अमेरिकी कंपन्यांची मालकी असंख्य छोट्या भागधारकांत विखुरलेली असते आणि ताबा पगारी व्यवस्थापकांकडे असतो. जेन्सन आणि मर्फी यांनी १९९० मध्ये मोजले की भागधारकांच्या संपत्तीत १,००० डॉलरचा फरक पडला, तर मुख्याधिकाऱ्याच्या संपत्तीत सरासरी ३.२५ डॉलरचाच फरक पडतो. आपल्याकडील शेअर बाजारात सूचीबद्ध असलेल्या सर्वसाधारण कंपनीत मात्र प्रवर्तक, म्हणजे कंपनी उभारून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्या, कुटुंबाकडे मोठा हिस्सा असतो. ज्या व्यवस्थापकीय संचालकाकडे ४० टक्के समभाग आहेत, त्याला कंपनीच्या मूल्यातील दर १,००० रुपयांच्या वाढीमागे समभागांतूनच ४०० रुपये मिळतात. पगाराने त्याला कामाची प्रेरणा देण्याचा प्रश्नच गौण ठरतो. इथला खरा प्रश्न असा आहे की स्वतःचा पगार स्वतःच ठरवू शकणारा प्रवर्तक तो किती घेतो आणि उरलेले भागधारक त्याला कधी अडवू शकतात.

दुसरा मोह ‘कोकणातील कंपन्या’ असा नमुना घेण्याचा असतो, आणि तो टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. लोटे-परशुराम, रोहा, महाड, डोळवी, जयगड येथे कारखाने आणि बंदरे आहेत. पण मोबदला ठरतो तो मुंबई-पुण्याच्या मुख्यालयातील संचालक मंडळात, आणि अशा सूचीबद्ध कंपन्यांची संख्या संख्याशास्त्रीय निष्कर्षासाठी अपुरी पडते. २२ जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुराचा ‘नैसर्गिक प्रयोग’ (कोणी न ठरवता घडलेला, तुलनेला उपयोगी बदल) म्हणून उपयोग करावा, अशी कल्पनाही अनेकांना सुचते. परंतु एका कारखान्यात पाणी शिरल्याने अनेक राज्यांत पसरलेल्या कंपनीच्या संचालकाचा पगार किती हलणार? नमुना देशभराचा घ्यावा आणि कोकणात राहिल्याने कारखान्यातील व्यवहाराची जी जवळून ओळख असते, ती आकड्यांचा अर्थ लावताना वापरावी. ती कशी, हे पुढे येईलच.

आकडा नेमका कशाचा आहे?

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १९७(१२) नुसार आणि त्याखालील २०१४ च्या नियमांतील नियम ५ नुसार प्रत्येक सूचीबद्ध कंपनीला संचालकाच्या मोबदल्याचे कर्मचाऱ्यांच्या मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यास बरोबर मधल्या) मोबदल्याशी असलेले गुणोत्तर जाहीर करावे लागते. हा आकडा वर्तमानपत्रांत फार गाजतो, आणि म्हणूनच त्याच्याकडे संशयाने पाहावे. भाजकातील मध्यक सामान्यतः कंपनीच्या पटावरील कायम कर्मचाऱ्यांचा असतो. लोटे किंवा रोह्याच्या रासायनिक वसाहतीत सकाळच्या पाळीला फाटकाशी उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक असते की आत जाणाऱ्यांपैकी बरेचजण ठेकेदाराचे कामगार असतात. ज्या कंपनीने कमी पगाराची कामे ठेकेदाराकडे सोपवली, तिचा मध्यक आपोआप वर जातो आणि गुणोत्तर खाली येते. संचालकाचा पगार एका रुपयानेही न घटता कंपनी अधिक समतोल दिसू लागते. यावर उपाय आहे. बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय दायित्व व शाश्वतता अहवाल, म्हणजे बीआरएसआर, सक्तीचा आहे. त्यात कायम व कायम नसलेल्या कामगारांची संख्या स्वतंत्रपणे द्यावी लागते, तसेच संचालक मंडळ, प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी, कर्मचारी आणि कामगार यांचे मध्यक मोबदले स्त्री-पुरुषनिहाय वेगळे द्यावे लागतात. गुणोत्तराशेजारी ठेका कामगारांचे प्रमाण मांडले, की तुलनेला काही अर्थ येतो.

अंशाचीही तीच कथा आहे. ‘एकूण मोबदला’ या रकान्यात पगार, भत्ते, सोयी-सवलतींचे मूल्य, नफ्यावरील कमिशन आणि भविष्य निर्वाह निधीचे अंशदान येते. ग्रॅच्युइटी आणि रजेचे रोखीकरण मात्र संपूर्ण कंपनीसाठी एकत्रित विमागणिती पद्धतीने मोजले जात असल्याने वैयक्तिक आकड्यात धरलेले नाही, अशी तळटीप वारंवार आढळते. ईसॉपचा, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे समभाग घेण्याच्या पर्यायाचा, घोळ सर्वांत मोठा आहे. लेखामानक इंड एएस १०२ नुसार पर्यायाचा खर्च तो देतेवेळच्या न्याय्य मूल्यावर मोजून पुढील वर्षांत विभागला जातो, तर आयकरासाठी तीच गोष्ट अधिकारी पर्याय वापरतो त्या वर्षी, बाजारभाव आणि त्याने भरलेली किंमत यांतील फरकाइतकी, करपात्र लाभ (पर्क्विझिट) म्हणून मोजली जाते. काही कंपन्या पहिला आकडा देतात, काही दुसरा. पाच वर्षांपूर्वी मिळालेले पर्याय एखाद्याने यंदा वापरले, तर त्याचा ‘पगार’ यंदा अनेक पटींनी वाढलेला दिसतो. संशोधकाने तो यंदाच्या कामगिरीचे फळ मानला, तर निष्कर्ष उलटा लागू शकतो. दोन्ही आकड्यांसाठी वेगळे रकाने ठेवावेत आणि मुख्य विश्लेषण ईसॉप वगळून केलेल्या रोख मोबदल्यावर करावे.

यातच एक बारकावा आहे. सेबी या भांडवल बाजाराच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार प्रवर्तक आणि प्रवर्तक गटातील व्यक्तींना ईसॉप देता येत नाहीत. त्यामुळे प्रवर्तक-संचालकापुढील ईसॉपचे शून्य म्हणजे हरवलेली माहिती नव्हे आणि कंपनीची निवडही नव्हे. ते कायद्याने ठरवलेले शून्य आहे. प्रवर्तक आणि व्यावसायिक अधिकारी एकाच रिग्रेशनमध्ये (घटकांतील संबंध मोजणाऱ्या समीकरणात) घालून ‘ईसॉपचे प्रमाण आणि जोखीम’ तपासणारे कितीतरी प्रबंध खरे तर प्रवर्तक असणे आणि नसणे यांतील फरक मोजत असतात.

सरकारी कंपन्या शक्यतो वगळाव्यात. थळचा खतकारखाना चालवणारी राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स सूचीबद्ध आहे, पण तिच्या संचालकांचे वेतन सरकारी उपक्रमांच्या वेतनश्रेणीने ठरते आणि सरकारी कंपन्यांना २०१५ च्या अधिसूचनेने कलम १९७ मधून सूट आहे. कोकण रेल्वे महामंडळ तर सूचीबद्धही नाही.

माहिती कोठून आणि कशी गोळा करावी

मुंबईच्या सीएमआयई संस्थेचा प्रोवेस हा डेटाबेस भारतीय कॉर्पोरेट संशोधनाचा कणा आहे. बर्ट्रांड, मेहता आणि मुल्लईनाथन यांनी भारतीय उद्योगसमूहांत नफा एका कंपनीतून दुसरीकडे कसा वळवला जातो, हे २००२ च्या निबंधात दाखवले, ते त्याच्याच आधारे. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून तो मिळत असेल तर उत्तमच. नसेल, तर मुंबई शेअर बाजार आणि राष्ट्रीय शेअर बाजार यांच्या संकेतस्थळांवरून वार्षिक अहवाल विनामूल्य उतरवता येतात. २०१४-१५ पासून पुढील काही वर्षांच्या संचालक अहवालांना एमजीटी-९ हे परिशिष्ट जोडलेले असे, आणि त्यात प्रत्येक संचालकाचा व प्रमुख अधिकाऱ्याचा मोबदला ठरावीक तक्त्यात घटकवार मिळतो. हाताने माहिती भरणाऱ्यासाठी ही सर्वांत सोयीची वर्षे आहेत. वर्षाला १ कोटी २ लाखांहून अधिक घेणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी मात्र बहुधा छापील अहवालात नसते. ती मागणी केल्यास भागधारकाला मिळते, म्हणून एक समभाग विकत घेऊन कंपनी सचिवांना पत्र लिहिणे हा रास्त मार्ग आहे.

ओळखक्रमांकांच्या बाबतीत सुरुवातीलाच शिस्त लावावी. कंपनी सूचीबद्ध झाली की तिच्या सीआयएनचे (कंपनी ओळख क्रमांकाचे) पहिले अक्षर बदलते, आणि समभागाचे विभाजन झाले की आयएसआयएन (समभागाचा ओळखक्रमांक) बदलतो; या दोहोंवर विसंबून वर्षे जोडली, तर एकच कंपनी दोनदा मोजली जाते. स्वतःचा एक स्थिर क्रमांक द्यावा. व्यक्तीसाठी मात्र डीआयएन, म्हणजे संचालक ओळख क्रमांक, अत्यंत भरवशाचा आहे, कारण आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दरवर्षी बदलले तरी तो बदलत नाही. रक्कम लाखांत आहे, कोटींत की दशलक्षांत, हे प्रत्येक अहवालात पाहावे. वर्षाच्या मध्येच रुजू झालेल्या अधिकाऱ्याची नोंद वेगळी खूण करून ठेवावी.

आजच्या यादीवरून मागील वर्षांचा नमुना ठरवणे म्हणजे मिरकरवाड्याच्या जेटीवर उतरलेली मासळी पाहून समुद्रात काय आहे ते सांगण्यासारखे आहे. डोळवीचा पोलाद कारखाना पूर्वी इस्पात इंडस्ट्रीजचा होता. २०१० मध्ये जेएसडब्ल्यू स्टीलने ती कंपनी ताब्यात घेतली आणि पुढे ती विलीन झाली. आजच्या यादीत इस्पात नाही, आणि आर्थिक ताणात सापडलेल्या ज्या कंपन्यांत संचालकांच्या मोबदल्याचा प्रश्न सर्वाधिक टोकदार असतो, त्याच अशा गळतात. म्हणून प्रत्येक वर्षाची त्या-त्या वेळची यादी घ्यावी.

कायद्याने आखलेल्या रेषांचा उपयोग

मोबदला आणि कामगिरी दोन्ही एकमेकांवर परिणाम करतात, आणि संचालकाची हुशारी, कुटुंबाची पत, उद्योगाची भरभराट अशा न दिसणाऱ्या गोष्टी दोहोंवर परिणाम करतात. या गुंत्यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे कंपनीच्या इच्छेबाहेर आखलेली रेषा शोधणे. आपल्या कायद्यात अशा रेषा विपुल आहेत, आणि तरीही त्यांच्यावरचे काम तुलनेने विरळ आहे.

सेबीच्या सूचीबद्धता नियमावलीतील विनियम १७(६)(ई) घ्या. १ एप्रिल २०१९ पासून प्रवर्तक असलेल्या कार्यकारी संचालकाचा वार्षिक मोबदला ५ कोटी रुपये किंवा निव्वळ नफ्याच्या २.५ टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्या वर गेला, तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. असे संचालक एकाहून अधिक असतील, तर त्यांच्या एकत्रित मोबदल्याला नफ्याच्या ५ टक्क्यांची रेषा आहे. थोडे गणित करावे. २०० कोटींपर्यंत नफा असलेल्या कंपनीला ५ कोटींची रेषा लागू पडते. पण कलम १९७ मध्ये एका व्यवस्थापकीय संचालकासाठी नफ्याच्या ५ टक्क्यांची मर्यादा आधीपासून आहे, म्हणजे १०० कोटींहून कमी नफ्याच्या कंपनीत ती मर्यादा आधी आडवी येते. त्यामुळे १०० ते २०० कोटी नफ्याच्या आणि एकच प्रवर्तक कार्यकारी संचालक असलेल्या कंपन्यांतच ५ कोटींच्या रेषेचा परिणाम स्वच्छपणे पाहता येतो. हा नफा कलम १९८ प्रमाणे मोजलेला असावा. त्यात आयकर वजा केला जात नाही, म्हणून ताळेबंदासोबतच्या करोत्तर नफ्यावरून मर्यादा काढणाऱ्याला उल्लंघन झाले नसतानाही झालेले दिसते.

या रेषेच्या दोन्ही बाजूंच्या कंपन्यांची तुलना करून ‘रिग्रेशन डिसकन्टिन्युइटी’ करण्याचा विचार मनात येईल, पण तो इथे चुकीचा आहे. पगार कंपनी स्वतः ठरवते. ४ कोटी ९५ लाख घेणारा आणि ५ कोटी १० लाख घेणारा प्रवर्तक योगायोगाने वेगळ्या बाजूंना पडलेले नाहीत. उलट, रेषेच्या किंचित खाली कंपन्यांची दाटी झाली आहे का, आणि ती २०१९ पूर्वी नव्हती का, हेच तपासण्याजोगे आहे. दाटी असेल, तर प्रवर्तकांना भागधारकांचे मत घेणे किती टाळावेसे वाटते, याचे ते थेट मोजमाप ठरते. नियमापूर्वी आणि नंतर प्रवर्तकांची व्यावसायिक अधिकाऱ्यांशी तुलना करायची झाल्यास लक्षात ठेवावे की नियम लागू झाल्यावर वर्षभरातच करोना आला, आणि अनेक प्रवर्तकांनी २०२०-२१ मध्ये स्वतःहून पगार घटवला किंवा घेतलाच नाही. ही घट नियमाच्या खाती जमा होऊ नये.

कंपनी कायद्याच्या अनुसूची ५ ची रेषा याहून स्वच्छ आहे. नफा नसेल किंवा अपुरा असेल, तेव्हा मोबदल्याची मर्यादा ‘प्रभावी भांडवला’वर (इफेक्टिव्ह कॅपिटल) ठरते: सप्टेंबर २०१६ च्या दुरुस्तीनुसार ५ कोटींहून कमी भांडवलाला वर्षाला ६० लाख, १०० कोटींपर्यंत ८४ लाख, २५० कोटींपर्यंत १२० लाख, आणि त्यापुढे वाढीव भांडवलाच्या ०.०१ टक्के अधिक. केवळ संचालकाला ३६ लाख जादा मिळावेत म्हणून कोणी कंपनीचे भांडवल ९९ कोटींवरून १०१ कोटींवर नेईल, ही शक्यता कमी. म्हणून इथे रेषेच्या अल्याडपल्याडची तुलना पटण्याजोगी होते. शिवाय कंपनीत हितसंबंध नसलेल्या पात्र व्यावसायिक व्यवस्थापकांना या मर्यादेतून वाट दिलेली आहे, त्यामुळे तुलनेसाठी दुसरा गटही मिळतो. सप्टेंबर २०१८ नंतर मर्यादेबाहेर जाण्यासाठी केंद्र सरकारच्या मंजुरीऐवजी विशेष ठराव पुरेसा झाला. हा बदल स्वतःच अभ्यासाचा विषय आहे.

आणि मतदान. सेबीच्या त्याच नियमावलीतील विनियम ४४ नुसार प्रत्येक ठरावाचे मतदान प्रवर्तक, सार्वजनिक संस्था आणि इतर सार्वजनिक भागधारक अशा तीन गटांत जाहीर होते. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या तिप्पट मते बाजूने लागतात. ऑगस्ट २०२१ मध्ये आयशर मोटर्सच्या व्यवस्थापकीय संचालकांच्या फेरनियुक्तीचा आणि मोबदल्याचा ठराव याच कारणाने फेटाळला गेला आणि मंडळाला मोबदल्याची मर्यादा कमी करून पुन्हा भागधारकांकडे यावे लागले. असे पराभव थोडेच. पण संस्थात्मक भागधारकांच्या विरोधाची टक्केवारी प्रत्येक ठरावासाठी उपलब्ध आहे, आणि मंजूर झालेल्या ठरावांवरही जास्त विरोध झाला असता पुढील वर्षी मोबदला आवरला जातो का, हा प्रश्न मला या सर्वांत फलदायी वाटतो.

नशिबाचा पगार

बर्ट्रांड आणि मुल्लईनाथन यांनी २००१ मध्ये तेलकंपन्यांच्या मुख्याधिकाऱ्यांचा पगार तेलाच्या जागतिक भावाबरोबर वाढतो, हे दाखवले. रत्नागिरीच्या परिसरात पीव्हीसीचा मोठा कारखाना आहे, आणि पीव्हीसीचा आंतरराष्ट्रीय भाव तिथला कोणताही संचालक ठरवत नाही. पोलाद, पीव्हीसी, खते अशा ज्या मालाचा भाव बाहेर ठरतो, त्या कंपन्या देशभरातून घेऊन प्रथम नफ्यातील भावामुळे आलेला भाग वेगळा काढावा आणि मग मोबदला त्या भागाशी किती हलतो व उरलेल्या भागाशी किती, हे पाहावे. भाव कोसळतानाही तितकाच हलतो का, हे तपासायला विसरू नये.

रिग्रेशन आणि लिखाण

गणिताचा भाग लोक समजतात त्याहून लहान आहे. मोबदला आणि कंपनीचा आकार दोन्ही लॉगरिदममध्ये घ्यावेत. परदेशी अभ्यासांत ही लवचिकता (आकार १ टक्क्याने वाढला तर मोबदला किती टक्क्यांनी वाढतो) ०.३ च्या आसपास येते, म्हणून आपली २ आली, तर आधी लाख-कोटींचा घोळ तपासावा. कंपनी आणि वर्ष यांचे फिक्स्ड इफेक्ट (प्रत्येक कंपनीचे व वर्षाचे कायमचे वेगळेपण बाजूला काढणारे घटक) घालावेत, स्टँडर्ड एरर (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) कंपनीनिहाय क्लस्टर करावेत, म्हणजे एकाच कंपनीच्या नोंदी परस्परांशी निगडित मानाव्यात, टोकाच्या १ टक्का नोंदी मर्यादेत आणून आणि न आणता, असे दोन्ही निकाल द्यावेत. आर किंवा पायथन विनामूल्य आहेत आणि पुरेसे आहेत.

निकाल रुपयांत सांगावा. ‘गुणांक ०.०४, पाच टक्के पातळीवर सार्थ’ एवढ्यावर वाक्य संपवण्याऐवजी, संस्थात्मक विरोध दहा टक्क्यांनी अधिक असलेल्या कंपनीत पुढील वर्षी प्रवर्तकाचा मोबदला इतक्या लाखांनी कमी वाढला, असे लिहावे, आणि त्याच परिच्छेदात विश्वासांतराच्या (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो त्याच्या) दोन्ही टोकांचे लाखही द्यावेत. परिणाम सापडला नाही, तरी हीच दोन टोके लिहावीत, कारण ‘फरक पडत नाही’ आणि ‘नमुना इतका लहान आहे की सांगता येत नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत आणि मार्गदर्शकांपासून परीक्षकांपर्यंत सर्वांना त्यांतील फरक त्या आकड्यांवरूनच कळतो. हाताने भरलेला तक्ता, प्रत्येक आकड्यापुढे अहवालाचे वर्ष आणि पान क्रमांक टाकून, प्रबंधासोबत जमा करावा.